सीमाभागातील मुलांना सुट्टीत पुस्तक भेट देताना: चौकशीपासून पहिल्या वाचनापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत भाच्यापुतण्यांना सुट्टीत पुस्तक द्यावे असे मनापासून वाटणारे नातेवाईक पुष्कळ आहेत. तरीही दिलेले पुस्तक शोकेसच्या काचेमागे उभे राहते, आणि माझ्या पाहण्यात याचे कारण मुलाचा आळस हे क्वचितच असते. पुस्तक आधी विकत घेतले जाते आणि मूल कोणत्या लिपीत वाचते हे नंतर कळते, अशी ती उलटी रीत आहे. मी स्वतः खानापूर तालुक्यातील एका भाचीला तिसरीत असताना जाडजूड मराठी गोष्टींचे पुस्तक दिले होते. ती कन्नड शाळेत शिकत होती. तिने माझ्यासमोर चित्रांवर बोट ठेवून स्वतःच्या मनाने गोष्ट रचून सांगितली, पुस्तक नीट मिटले आणि परत ठेवले. तिला देवनागरी अक्षरे येत नाहीत हे मी विचारलेच नव्हते.

पुढील टप्पे याच क्रमाने करावेत, कारण पहिल्या टप्प्यातील चूक नंतर कितीही चांगले पुस्तक निवडले तरी भरून निघत नाही.

१. चौकशी: खरेदीच्या किमान तीन आठवडे आधी

मुलाच्या आईला, किंवा संध्याकाळी जी व्यक्ती मुलाजवळ बसते तिला, फोन करावा आणि शाळेचे माध्यम कोणते, शाळेत कोणकोणत्या भाषा शिकवतात, घरात मोठ्याने वाचून दाखवू शकेल असे कोण आहे व त्या व्यक्तीला कोणती लिपी येते, हे विचारावे. धाकटे-थोरले भावंड असल्यास त्याचीही चौकशी करावी, कारण पुस्तक एकाच्या नावाने दिले तरी ते दोघांच्या हातांत जाणार असते.

एक प्रश्न मात्र टाळावा: “त्याला मराठी वाचता येते ना?” या प्रश्नाला आपल्याकडे “येते की” असेच उत्तर मिळते. सीमाभागात हा प्रश्न साध्या माहितीचा राहत नाही. त्यात भाषेची माया असते, आणि मूल दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत घातल्याची थोडी बोचही असते. त्याऐवजी असे विचारावे: “अलीकडे त्याने स्वतःहून, कुणी न सांगता, मोठ्याने काय वाचले?” उत्तरात दुकानाची पाटी, क्रिकेटचा धावफलक, बिस्किटाचा पुडा असे काहीही येऊ शकते, आणि त्यातून लिपी लगेच कळते.

मूल बरोबर असेल तर बेळगावच्या बसस्थानकावर याहून सोपी परीक्षा घेता येते. तेथे कर्नाटकच्या बसवर कन्नड पाटी असते आणि महाराष्ट्राच्या एसटीवर देवनागरी. कोणती पाटी मूल आपणहून आधी वाचते ते पाहावे. पाटी वाचायला सांगू नये, फक्त “ही बस कुठे जाणार?” एवढेच विचारावे.

पडताळणी: मूल स्वतः कोणती लिपी वाचते आणि घरातील वाचून दाखवणारी व्यक्ती कोणती लिपी वाचते, ही दोन उत्तरे कागदावर लिहिलेली असल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

२. सुट्टी नेमकी कोणती, हे पाहणे

कोल्हापूर-पुण्याकडील मामा किंवा आत्या दिवाळीची सुट्टी डोळ्यांसमोर ठेवून पुस्तक पाठवतात, कारण महाराष्ट्रात सहामाहीनंतरची लांब सुट्टी दिवाळीला जोडून असते. कर्नाटकातील राज्य मंडळाच्या शाळांना ती लांब सुट्टी दसऱ्याला मिळते आणि दिवाळीत थोडेच दिवस शाळा बंद असते. दिवाळीच्या फराळाबरोबर आलेले पुस्तक हातात पडते न पडते तोच मूल पुन्हा दप्तर उचलते. उन्हाळ्याची सुट्टी येथे साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन मे महिन्याच्या अखेरीस संपते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात गावी येताना पुस्तक आणणाऱ्या काकांचीही वेळ चुकलेली असते. केंद्रीय मंडळाच्या आणि मिशनच्या शाळांचे वेळापत्रक वेगळे असू शकते, तेव्हा तारीख शाळेच्या डायरीतूनच विचारून घ्यावी.

भेट सुट्टीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पोहोचावी. शेवटच्या आठवड्यात गृहपाठाची आठवण झालेली असते, आणि त्या वेळी आलेले पुस्तक मुलाला अभ्यासाचाच भाग वाटते.

३. भाषेची निवड

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

मूल मराठी माध्यमात असेल तर प्रश्न सोपा आहे, परंतु तेथेही एक अडचण राहते. पुण्या-मुंबईत छापलेल्या पुस्तकातील बोली या मुलाच्या घरची नसते. घरी “काय करूलालास?” असे ऐकणारे मूल पुस्तकात “काय करतोयस?” असे वाचते आणि क्षणभर थबकते. हे थबकणे म्हणजे वाचनातील कच्चेपणा नव्हे. निवडताना एवढेच पाहावे की, गोष्ट बोलण्यातून पुढे जात असेल तर संवाद छोटे असावेत आणि चित्रावरून अर्थ लागत असावा.

मूल कन्नड माध्यमात असेल तर त्याला देवनागरीची ओळख बहुधा सहावीच्या सुमारास, तिसरी भाषा म्हणून हिंदी सुरू झाल्यावर होते. त्याआधी दिलेले मराठी पुस्तक त्याला एकट्याला वाचता येणार नाही. म्हणून मराठी पुस्तक देऊ नये असे मात्र मी म्हणणार नाही. अशा घरात दोन पातळ पुस्तके द्यावीत: एक कन्नड, जे मूल स्वतः वाचेल, आणि एक मराठी, जे आजी किंवा आई वाचून दाखवेल. एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळाली तर फारच उत्तम, आणि अशी जोडी मिळणे अवघड राहिलेले नाही. नॅशनल बुक ट्रस्ट, बेंगळुरूची प्रथम बुक्स आणि चेन्नईची तुलिका या प्रकाशन संस्था मुलांची पुस्तके मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत काढतात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की चित्र तेच असते आणि अक्षरे निराळी, त्यामुळे मूल स्वतःच अक्षरे जुळवू लागते. दोन्ही लिपींतील वर्णमालेचा क्रम जवळजवळ सारखाच असल्याने हे काम आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर होते. माझ्या त्याच भाचीला पुढच्या वर्षी अशी जोडी दिली, तेव्हा आजीने मराठी वाचले आणि नातीने आजीला कन्नड वाचून दाखवले. आजीला कन्नड लिपी येत नव्हती, पण भाषा पूर्ण कळत होती, आणि नातीची चूक ती कानाने पकडत होती.

कन्नड वाचणारे मूल देवनागरी वाचू लागले की शब्दाचा शेवट पूर्ण उच्चारते. “घर” हा शब्द ते शेवटच्या अक्षरातील अ स्पष्ट ठेवून वाचते, कारण कन्नडमध्ये तो अ गळत नाही. “ळ” मात्र त्याला अडत नाही, कारण ते अक्षर त्याच्या ओळखीचे असते.

मूल इंग्रजी माध्यमात असेल आणि हिंदीमुळे देवनागरी शिकलेले असेल, तर पालक सांगतात की मराठीही येईलच. येते, पण अडखळत येते, आणि ते कोठे अडखळते हे आधी माहीत असलेले बरे. “ळ” त्याला नवा असतो. “चाक” आणि “चार” या दोन शब्दांतील च वेगळे आहेत हे त्याला कुणी सांगितलेले नसते. “दुसऱ्या” मधील र त्याने पाहिलेला नसतो. सर्वांत मोठी अडचण “केलं”, “झालं”, “घरं” या रूपांची असते. मुलांच्या पुस्तकांत बोलीतील ही रूपे जागोजाग येतात, आणि हिंदी शिकलेले मूल त्या टिंबाचा उच्चार नाकातून करते. मग वाक्य त्याच्याच कानाला विचित्र लागते आणि ते पुस्तक बाजूला ठेवते. अशा मुलासाठी पहिले मराठी पुस्तक त्याच्या इयत्तेपेक्षा दोन पायऱ्या सोपे घ्यावे. चौथीतील मुलाला दुसरीच्या मुलाचे पुस्तक देण्यात कमीपणा नाही. फक्त चित्रे आणि विषय बाळबोध नसावेत. एवढ्यासाठी प्राणी, यंत्रे, स्वयंपाक, विज्ञानातील छोटे प्रयोग अशा माहितीपर विषयांची पुस्तके उपयोगी पडतात, कारण त्यांत वाक्ये सोपी असूनही मोठ्या मुलाला लाज वाटत नाही.

सावधान: भाषेवरील प्रेम दाखवण्यासाठी मुलाला न झेपणारे पुस्तक देऊ नये. मराठी टिकावी ही आपली तळमळ खरी आहे, पण तिचे ओझे सात वर्षांच्या मुलाच्या हातात दिले तर ते मूल त्या भाषेपासूनच दूर जाते.

४. पातळी ठरवणे

वयावरून किंवा इयत्तेवरून पातळी ठरवू नये. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर एक ते चार अशा पातळ्या छापलेल्या असतात: पहिली वाचनाची सुरुवात करणाऱ्यांसाठी, दुसरी ओळखीचे शब्द वाचून नवे शब्द मदतीने वाचणाऱ्यांसाठी, तिसरी स्वतः वाचू लागलेल्यांसाठी आणि चौथी सफाईने वाचणाऱ्यांसाठी. या पातळ्या प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्रपणे विचारात घ्याव्यात. एकच मूल कन्नडमध्ये तिसऱ्या पातळीवर आणि मराठीत पहिल्या पातळीवर असू शकते, आणि सीमाभागात बहुतेक वेळा तसेच असते.

याच संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड गोष्टी विनामूल्य वाचता व उतरवून घेता येतात. खरेदीपूर्वी त्यातील एक गोष्ट मोबाइलवर पाठवून आईला ती मुलाकडून वाचून घ्यायला सांगावे. मुलाने मधल्या एखाद्या पानावर पाचांहून अधिक शब्दांवर अडखळल्यास एक पातळी खाली यावे. एकाही शब्दावर अडखळले नाही तर तीच पातळी कायम ठेवावी, वर जाण्याची घाई करू नये; सुट्टीतील पुस्तक सहज वाचता आले पाहिजे.

तीन वर्षांखालील मुलासाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांचे, गोल कोपऱ्यांचे पुस्तक घ्यावे. त्यात मजकूर किती आहे याला महत्त्व नाही.

५. दुकानात

बेळगाव शहरातील पुष्कळ दुकाने मुख्यतः शालेय पुस्तके आणि वह्यांची आहेत. शाळा सुरू होण्याच्या तोंडावर तेथे गोष्टींचे पुस्तक मागणे व्यर्थ असते, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीसाठीची खरेदी मार्चमध्येच उरकावी. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव आदी गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. तेथील पुस्तकांच्या स्टॉलवर मुलांची पुस्तके हातात घेऊन चाळता येतात. तेथे घेतलेले पुस्तक एप्रिलपर्यंत सांभाळून ठेवायला काहीच हरकत नाही. कोल्हापूरला कामानिमित्त जाणे होत असेल तर मराठी पुस्तके तेथून आणावीत. कन्नड पुस्तकांसाठी नवकर्नाटक प्रकाशनाची मुलांची पुस्तके पाहावीत.

पुस्तक हातात घेतल्यावर पुढील क्रमाने तपासावे. आधी मधले पान उघडून ते पूर्ण सपाट उघडते का पाहावे. चिकटवलेल्या बांधणीचे जाड पुस्तक मूल दोन्ही हातांनी दाबते आणि आठवड्यात पाने सुटतात; शिवण असलेली किंवा मध्ये पिना मारलेली पातळ पुस्तके अधिक टिकतात. मग जोडाक्षरे नीट छापली आहेत का ते पाहावे, कारण स्वस्त छपाईत अर्धी अक्षरे पाय मोडून वेगळी पडतात आणि नव्या वाचकाला ती ओळखू येत नाहीत. त्यानंतर एक पान मोठ्याने, खरोखर मोठ्याने, वाचून पाहावे. दुकानात संकोच वाटतो, तरीही वाचावे. अनुवादित पुस्तकातील अवघडलेले वाक्य डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लगेच जाणवते.

छापील पुस्तकांवर आणि मुलांच्या चित्रांच्या किंवा रंगवण्याच्या पुस्तकांवर जीएसटी नाही. बिलात तो वेगळा लावलेला दिसल्यास विचारणा करावी.

काय घेऊ नये हेही सांगतो. गाईड, सरावपुस्तिका, सुलेखनाची वही, सामान्यज्ञानाचे प्रश्नसंच या वस्तू उपयुक्त असल्या तरी त्या भेटवस्तू नव्हेत, आणि मुलाला ते पहिल्याच क्षणी कळते. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तक “मराठी सुधारेल” म्हणून आणणारेही भेटतात; कर्नाटकातील मराठी शाळांची पाठ्यपुस्तके वेगळी आहेत, त्यामुळे मुलाच्या वाट्याला आणखी एक अभ्यासक्रम तेवढा येतो. पाचशे पानांचा गोष्टींचा संग्रह एकदम घेण्याऐवजी त्याच पैशांत चार-पाच पातळ पुस्तके घ्यावीत. पुस्तक संपवल्याचा आनंद मुलाला सुट्टीत चार वेळा मिळतो.

६. टपालाने पाठवायचे असल्यास

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तके व छापील शैक्षणिक साहित्यासाठी “ज्ञान पोस्ट” ही सेवा सुरू केली. सुरुवातीच्या दरांनुसार ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा खर्च येतो. चालू दर खिडकीवर विचारून घ्यावा. हे टपाल जमिनीवरील मार्गाने जाते, म्हणून हातात पुरेसे दिवस ठेवून पाठवावे. त्याच पाकिटात खाऊ किंवा खेळणे घालू नये.

पत्त्यात सर्वाधिक घोळ खानापूरचा होतो. खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे. म्हणून “खानापूर, जि. बेळगावी, कर्नाटक ५९१३०२” असे जिल्हा, राज्य आणि पिनकोडसह लिहावे. गाव खेड्यातील असल्यास त्याच्या टपाल कार्यालयाचा पिनकोड स्वतंत्रपणे विचारावा. २०१४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव बेळगावी आहे. आपण घरी बेळगाव म्हणतो, पण पाकिटावर अधिकृत नावच घालावे. पत्ता केवळ मराठीत न लिहिता इंग्रजीत किंवा कन्नडमध्येही लिहावा, कारण पाकीट पोहोचवणाऱ्याला ते वाचता आले पाहिजे.

७. देण्यापूर्वीची तयारी

किमतीचे लेबल काढावे. पहिल्या कोऱ्या पानावर मुलाचे नाव, तारीख आणि देणाऱ्याचे नाते लिहावे, आणि हे मूल वाचते त्या लिपीत लिहावे. आपल्याला कन्नड लिहिता येत नसेल तर शेजारच्या कुणाकडून नाव लिहून घेऊन खाली मराठीत आपले नाव लिहावे. स्वतःचे नाव वाचता आले की मूल पान उलटते. उपदेशाचे वाक्य लिहू नये. “खूप वाच, मोठा हो” यापेक्षा “अकराव्या पानावरचे चित्र बघ आणि मला फोन कर” हे वाक्य अधिक काम करते. त्यासाठी अर्थातच अकरावे पान आपण आधी पाहिलेले असले पाहिजे. किंबहुना मुलाचे पुस्तक देणाऱ्याने ते आधी पूर्ण वाचावे. त्याला बहुधा अर्धा तासही लागत नाही.

पडताळणी: पुस्तकातील कोणताही एक प्रसंग आपल्याला न पाहता सांगता येतो का? येत नसेल तर पुस्तक पुन्हा वाचावे.

८. देण्याची वेळ आणि पहिले वाचन

घरात पाहुण्यांची गर्दी असताना, नव्या कपड्यांच्या आणि फटाक्यांच्या खोक्याबरोबर पुस्तक देऊ नये. दुपारची जेवणे झाल्यावर घर शांत असते, ती वेळ बरी. पुस्तक दिल्यावर लगेच “वाचून दाखव बघू” असे म्हणणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. सर्वांसमोर अडखळलेले मूल ते पुस्तक पुन्हा सहसा उघडत नाही.

त्याऐवजी स्वतः जवळ बसून पहिली चार पाने वाचून दाखवावीत. बोट अक्षरांखालून फिरवावे, उच्चार घरच्या वळणाचा ठेवावा, पुस्तकी आवाज काढू नये. पुस्तकातील शब्द मुलाला कळला नाही तर घरचा शब्द सांगावा, तो कन्नडमधून आलेला असला तरीही. मुलाने “केलं” चा उच्चार चुकवला तर थांबवू नये. पुढच्या ओळीत तेच रूप आल्यावर आपण नीट उच्चारून दाखवावे, कान ते पकडतो. उत्कंठेच्या जागी वाचन थांबवून पुस्तक मुलाच्या हातात द्यावे आणि उठून जावे. मागे वळून पाहू नये.

आपण दूरच्या गावी असाल तर हे काम घरातील ज्या व्यक्तीचे नाव पहिल्या टप्प्यात लिहून घेतले होते, तिच्यावर सोपवावे आणि तिला हा क्रम फोनवर समजावून सांगावा.

९. नंतरचे पंधरा दिवस

आठवड्याने एकदा फोन करावा आणि गोष्टीतील एखाद्या पात्राबद्दल बोलावे. किती पाने झाली हे विचारू नये. पुस्तक आवडले नसेल तर मुलाला तसे मोकळेपणाने म्हणू द्यावे, आणि ते मामेभावाच्या किंवा चुलतबहिणीच्या पुस्तकाशी बदलून घ्यावे. एका घरातील कन्नड पुस्तक दुसऱ्या घरी आणि तिकडचे मराठी इकडे, असे सुट्टीभर चालले तर चार पुस्तकांत तीन घरांची सुट्टी निघते.

पुस्तक काचेमागे ठेवू देऊ नये. मुलाचा हात पोहोचेल अशा फळीवर, भिंतीपासून थोडे पुढे ठेवावे. खानापूर-कणकुंबीकडील पावसात भिंतीला टेकलेल्या पुस्तकाला बुरशी लवकर धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवल्यास आत ओल कोंडते, म्हणून पावसाळ्यात पुस्तके अधूनमधून उघडून चुलीच्या किंवा उन्हाच्या उबेला, पण आचेपासून दूर, तासभर ठेवावीत.

पुस्तकाचा कोपरा फाटला, त्यावर डाग पडला किंवा चित्रांत कुणी रंग भरला, तर रागावू नये. पुढच्या सुट्टीसाठी काय घ्यायचे हे त्या डागांवरूनच कळते: जे पान सर्वांत मळलेले दिसेल, त्या पानासारखे दुसरे पुस्तक शोधावे.